सासऱ्यांचे श्रवणयंत्र कपाटात पडून आहे. आता दुप्पट किमतीचे घ्यावे का?

प्रश्न चिंचवडच्या एका भगिनींनी विचारला आहे आणि तो थोडक्यात असा आहे. त्यांचे सासरे ७१ वर्षांचे आहेत आणि भोसरीच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये (यंत्राने पत्रा ठोकून आकार देण्याच्या विभागात), त्यांची ३० वर्षे गेली. दीड वर्षापूर्वी ८० हजार रुपये खर्चून दोन्ही कानांसाठी यंत्रे घेतली. ती आता कपाटात आहेत, कारण ‘मशीन लावले की भांडी डोक्यात आदळतात आणि माणसांचे बोलणे मात्र कळत नाही’ असे सासरे सांगतात. ज्या दुकानातून यंत्रे घेतली, तिथे आता पावणेदोन लाखांची नवी जोडी सुचवली आहे आणि ती न घेतल्यास पुढे स्मृतिभ्रंश होईल, असेही बजावले आहे. अगदी शेवटी, जाता जाता लिहावे तसे, त्यांनी लिहिले आहे की दोन महिन्यांपासून सासऱ्यांना अंथरुणात उजव्या कुशीवर वळले की खोली फिरल्यासारखी वाटते, अर्ध्या मिनिटात ते थांबते आणि त्यावर चकरेच्या गोळ्या चालू आहेत.

मी पुण्यात २२ वर्षे ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, म्हणून काम करते. आपल्या सासऱ्यांना मी तपासलेले नाही आणि त्यांचा ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) माझ्यासमोर नाही, त्यामुळे खाली जे लिहिते आहे त्यातला काही भाग तपासणीनंतर बदलू शकतो. तो कुठे बदलेल हेही सांगते. माझे मत मात्र आधीच स्पष्ट सांगून टाकते: नवी जोडी आत्ता घेऊ नका. आधी याच आठवड्यात चकरेची तपासणी करून घ्या आणि त्यानंतर जुनीच यंत्रे सासऱ्यांच्या कानात बसवून मोजून घ्या. आपला खरा प्रश्न यंत्राच्या किमतीचा नाही. यंत्र दिले गेले, पण ते त्यांच्या कानाला जुळवण्याचे काम बहुधा अर्ध्यावरच राहिले आहे.

चकरेपासून सुरुवात करते, कारण ज्या माणसाला रात्री कूस बदलण्याची धास्ती वाटते, तो दिवसा कानात काही घालून नव्याने ऐकायला शिकण्याच्या मनःस्थितीत नसतो. शिवाय या वयात पहाटे अंथरुणातून उठताना पडणे आणि खुब्याचे हाड मोडणे हा धोका श्रवणयंत्राच्या प्रश्नापेक्षा कितीतरी निकडीचा आहे.

मराठीत आपण ‘चक्कर’ हा एकच शब्द निदान चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो. उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे, चालताना झोक जाणे, डोके पोकळ किंवा हलके वाटणे आणि आजूबाजूच्या वस्तू खरोखर गरगर फिरताना दिसणे, या चारही अनुभवांना रुग्ण ‘चक्कर’ म्हणतो आणि चारहींची कारणे वेगळी असतात. म्हणून माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येकाला मी ‘तो शब्द बाजूला ठेवा आणि नेमके काय होते ते सांगा’ अशी विनंती करते. आपण हे काम आधीच केले आहे. कूस बदलताना खोली फिरते, एका बाजूला जास्त फिरते आणि मिनिटाच्या आत थांबते, या तीन गोष्टी एकत्र आल्या की आम्हाला सर्वांत आधी बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलताच थोडा वेळ गरगरणे, या विकाराची शंका येते.

आपल्या आंतरकर्णात तोल सांभाळणाऱ्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक एका चिकट पडद्यावर बसलेले असतात. वयानुसार, किंवा डोक्याला मार लागल्यामुळे, त्यातले काही सुटतात आणि शेजारच्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी एकीत, बहुतेक वेळा मागच्या नलिकेत, जाऊन पडतात. मग कूस बदलली की हे कण नलिकेतल्या द्रवातून घरंगळतात, द्रव हलतो आणि डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याचा निरोप मेंदूला जातो. कण तळाला बसले की निरोप थांबतो. म्हणूनच ही चक्कर अर्ध्या मिनिटात जाते आणि पुन्हा वळले की पुन्हा येते.

याची तपासणी टेबलावर होते आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. रुग्णाची मान एका बाजूला ४५ अंश वळवून त्याला झटकन मागे निजवतात, डोके टेबलाच्या कडेखाली किंचित झुकवतात आणि डोळे पाहतात. काही सेकंदांनी डोळे ठरावीक पद्धतीने उसळू लागले की कण कोणत्या कानात आणि कोणत्या नलिकेत आहेत ते कळते. या तपासणीला डिक्स-हॉलपाईक म्हणतात. त्यानंतर त्याच टेबलावर एप्ली यांच्या पद्धतीने डोके आणि धड क्रमाक्रमाने वळवून ते कण नलिकेतून बाहेर काढता येतात. या सगळ्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि बहुतेकांना एक किंवा दोन खेपांत आराम पडतो. नंतर काही दिवस किंचित अधांतरी वाटू शकते आणि काहींना महिन्या-वर्षांनी हा त्रास पुन्हा होतो, तेव्हा पुन्हा हेच करावे लागते. शरीरात ड जीवनसत्त्व कमी असल्यास ते भरून काढल्याने पुन्हा होण्याचे प्रमाण घटते असे दिसले आहे, त्यामुळे ती एक रक्तचाचणी डॉक्टरांना विचारून करून घ्यावी.

कोणतीही गोळी हे कण हलवू शकत नाही. गोळीने मळमळ आणि भीती कमी होते, पण नलिकेतला कण तिथेच राहतो. प्रोक्लोरपेराझीन आणि सिनारिझिन यांसारखी औषधे वयस्कर माणसांत महिनोन्‌महिने चालू राहिली, तर हालचाल मंदावणे, हात थरथरणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात आणि तोल सावरण्याची मेंदूची स्वतःची क्षमताही त्यांनी दबते. आपल्या सासऱ्यांना कोणती गोळी चालू आहे हे मला ठाऊक नाही, म्हणून ती परस्पर बंद करू नका. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि ‘ही किती दिवस घ्यायची आहे’ एवढे नक्की विचारा. मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून घरी व्यायाम करवण्याचा मोहही आवरावा. बाजू चुकली किंवा नलिका दुसरी निघाली तर त्या व्यायामाने उपयोग होत नाही. मानेच्या मणक्यांचा त्रास असेल तर हीच तपासणी वेगळ्या रीतीने करावी लागते, त्यामुळे तो असल्यास आधी सांगावे.

चकरेबरोबर बोलणे जड होणे, वस्तू दोन दिसणे, तोंड वाकडे होणे, हातापायातली शक्ती जाणे किंवा आधाराशिवाय उभेच राहता न येणे, यांपैकी काहीही दिसले तर ऑडिओलॉजिस्टची वेळ घेत बसू नये, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे.

आता कानाकडे वळते. सासऱ्यांच्या तक्रारीचे दोन भाग आहेत आणि दोन्ही भाग अतिशय नेमके आहेत. मी त्यांना हट्टीपणा समजत नाही, कारण त्यांच्यात मला जवळजवळ अर्धे निदान दिसते.

प्रत्येक कानात, आंतरकर्णातल्या शंखाकृती भागात, सुमारे १५,००० केशपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या पेशी, असतात. त्यांपैकी साधारण १२,००० बाहेरच्या रांगांत असतात आणि त्यांचे काम हलके आवाज उचलून मोठे करणे हे असते. प्रेस शॉपमधला एकेक ठोका वर्षानुवर्षे याच पेशींवर पडतो. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. आमच्या आलेखात अशा कामगारांच्या कानात ४००० हर्ट्झच्या आसपास एक खाच दिसते आणि वय वाढते तशी ती रुंद होत वरच्या पट्टीकडचे सगळेच उतरत जाते. कारखाने अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत आवाजामुळे येणारे बहिरेपण हा व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेला होता. तरीही कानात कापसाचा बोळा घालून निभावणारी एक पूर्ण पिढी पिंपरी-चिंचवडमध्ये निवृत्त झाली. कापसाच्या बोळ्याने असल्या आवाजापासून जवळपास काहीच संरक्षण मिळत नाही, हे त्यांना वेळेवर कुणी सांगितले नाही याचे मला आजही वाईट वाटते.

या नुकसानीचे दोन परिणाम होतात. पहिला बोलण्याबाबत आहे. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि त्यांच्यात जोर असतो. स, श, च, त, थ, फ यांसारखी व्यंजने वरच्या पट्टीत असतात आणि हलकी असतात. त्यामुळे सासऱ्यांना कोणीतरी बोलते आहे हे ऐकू येते, बोलण्याची चालही कळते, पण सात म्हटले की साठ, तीस म्हटले की वीस, हे कळत नाही. बायकांचे आणि मुलांचे आवाज मुळात बारीक, त्यामुळे सुनेचे आणि नातवंडांचे बोलणे सर्वांत आधी निसटते आणि मुलाचे मात्र कळते. घरात मग ‘त्यांना हवे तेवढेच ऐकू येते’ असे म्हटले जाते. आपल्या घरात असे म्हटले जात असेल तर ते आजपासून थांबवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण ते खरे नाही आणि ऐकणाऱ्याला फार लागते.

दुसरा परिणाम भांड्यांचा. हलके आवाज ऐकू येण्याची पातळी घसरली तरी आवाज असह्य होण्याची पातळी सहसा तिथेच राहते. समजा एखाद्याला ६० डेसिबलपासून ऐकू येऊ लागते आणि ९५ डेसिबलला त्रास होतो. त्याच्याकडे वापरायला जेमतेम ३५ डेसिबलची जागा उरली. निरोगी कानाकडे ती ८० पेक्षा जास्त असते. सगळे आवाज या अरुंद जागेत नीट बसवणे हेच श्रवणयंत्राचे काम आहे. हलके आवाज पुरेसे वाढवायचे, मध्यम थोडे वाढवायचे आणि मोठे आवाज जवळजवळ वाढवायचेच नाहीत. यंत्राची कमाल मर्यादा त्या माणसाच्या सहनशक्तीनुसार लावलेली नसेल तर ताट पडले की डोक्यात कळ जाते. आणि वरच्या पट्टीत वाढ कमी पडत असेल तर भांडी मोठी होतात पण व्यंजने तशीच गायब राहतात. सासऱ्यांचे वाक्य पुन्हा वाचा. त्यांनी या दोन्ही गोष्टी एका वाक्यात सांगितल्या आहेत.

मग हे तपासायचे कसे? बहुतेक ठिकाणी ऑडिओग्राम संगणकात भरतात, कंपनीच्या सॉफ्टवेअरने सुचवलेली जुळणी एका कळीने यंत्रात टाकतात आणि ‘आता बरे वाटते का’ असे विचारतात. ही जुळणी सरासरी कानासाठी असते. कोणाची कानाची वाट रुंद असते, कोणाची अरुंद, कोणाची वाकडी, आणि त्यानुसार कानाच्या पडद्याजवळ पोचणारा आवाज बदलतो. त्यामुळे आम्ही केसासारखी बारीक सिलिकॉनची नळी कानात पडद्याजवळ सरकवतो, वर यंत्र बसवतो आणि समोरच्या स्पीकरवरून हलके, मध्यम आणि मोठे बोलणे ऐकवून आत प्रत्यक्ष किती आवाज पोचतो हे संगणकाच्या पडद्यावर पाहतो. त्या माणसाच्या श्रवणदोषाला किती आवाज हवा हे सूत्राने काढलेले असते. ऑस्ट्रेलियातील नॅशनल ॲकॉस्टिक लॅबोरेटरीजचे एनएएल-एनएल२ हे सूत्र त्यासाठी जगभर वापरले जाते. हवा असलेला आवाज आणि प्रत्यक्ष पोचणारा आवाज, या दोन रेषा जुळेपर्यंत यंत्राची जुळणी बदलत जायची. या मोजणीला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. पहिल्या जुळणीत वरच्या पट्टीतला आवाज हवा त्यापेक्षा बराच कमी पडलेला मला वारंवार आढळतो, आणि तो कमी आहे हे नुसते विचारून कळत नाही, कारण ज्याने १५ वर्षे ‘स’ ऐकलेला नाही त्याला ‘स’ कमी आहे हे कसे सांगता येणार?

हे करायच्या आधी दोन साध्या गोष्टी बघाव्यात. कानात मळ आहे का, आणि यंत्राच्या टोकाची मळ अडवणारी जाळी बुजली आहे का. ‘बंद पडले’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या यंत्रांपैकी पुष्कळशी ती जाळी बदलली की सुरू होतात. पुण्याच्या पावसाळ्यात दमटपणानेही यंत्रे कुरकुरतात, म्हणून रात्री ती सिलिका जेलच्या डबीत ठेवावीत.

माझे मत कुठे बदलेल ते आता सांगते. तपासणीत शब्द ओळखण्याची चाचणी असते. आरामदायक मोठ्या आवाजात साधे शब्द ऐकवून त्यातले किती बरोबर सांगितले हे मोजतात. सासऱ्यांना ८० टक्के शब्द कळत असतील तर जुन्या यंत्रांत बरेच काही साधेल. ४० टक्केच कळत असतील तर नस आणि मेंदूपर्यंत पोचणारा संदेशच तुटका आहे, आणि मग ८० हजारांचे काय, कितीही लाखांचे यंत्र घेतले तरी अपेक्षा जपून ठेवाव्या लागतील. अशा वेळी कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेने आंतरकर्णात बसवायच्या उपकरणाचा, विचार करायचा का, हा वेगळा आणि सावकाश बोलण्याचा विषय आहे. दोन कानांत ठळक फरक निघाला तर यंत्राच्या आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून, गरज पडल्यास, एमआरआय करावा, कारण श्रवणाच्या नसेवरची गाठ क्वचित अशी दिसते. एक कान दोन-तीन दिवसांत अचानक गेला तर ती तातडी समजावी. त्यावरचे औषध जितके लवकर सुरू होईल तितका उपयोग होतो. आणि सासऱ्यांचा श्रवणदोष दीड वर्षात खूप वाढून जुन्या यंत्राची ताकदच अपुरी पडत असेल, तर मी स्वतः नवे घ्या म्हणेन. पण तो निर्णय मोजणीनंतरचा आहे.

महाग यंत्रात काय जास्त मिळते, हे आपण विचारलेले नाही, पण दुकानात ते ऐकावे लागेल. गोंगाटात बोलणे वेगळे काढण्याच्या जास्त सोयी, मोबाइल जोडणी, आजूबाजूच्या आवाजानुसार आपोआप बदलणारी जुळणी. जो माणूस रोज सभांना आणि बैठकांना जातो त्याला त्यांचा उपयोग आहे. ज्याचा बहुतेक दिवस घरी, दूरदर्शनसमोर आणि सकाळी बागेतल्या चार मित्रांत जातो, त्याला नीट जुळवलेले साधे यंत्र न जुळवलेल्या महागड्या यंत्रापेक्षा जास्त उपयोगी पडते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

स्मृतिभ्रंशाच्या धाकाबद्दल सांगायलाच हवे. श्रवणदोष आणि स्मृतिभ्रंश यांचा संबंध आहे, हे खरे. पण २०२३ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अचीव्ह नावाच्या अमेरिकी चाचणीत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांना ३ वर्षे पाहिले, तेव्हा सर्व सहभागी एकत्र धरले तर श्रवणयंत्रामुळे बुद्धीच्या घसरणीत फरक दिसला नाही, ज्यांना मुळातच धोका जास्त होता अशा गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे उपयोगाची शक्यता आहे, हमी नाही. आणि तो उपयोग यंत्र रोज कानात असेल तरच शक्य आहे. कपाटातल्या पावणेदोन लाखांच्या यंत्राने कोणाचीही स्मृती वाचणार नाही. भीती दाखवून यंत्र विकणे मला अयोग्य वाटते. नातवाशी आज बोलता यावे, हे यंत्र लावण्याचे पुरेसे मोठे कारण आहे.

यंत्र नीट जुळल्यावरही सवय लागायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. पंख्याची घरघर, वर्तमानपत्राची खसखस, स्वतःचा आवाज, हे सगळे मेंदूला नवे असते आणि आधी ते मोठेच वाटते. पहिला आठवडा शांत खोलीत, एका माणसाशी, दिवसातून एक-दोन तास. वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे हा या दिवसांतला मला सर्वांत आवडणारा व्यायाम आहे. मग स्वयंपाकघर, मग शेजारी, मग मंडई. लग्नाच्या कार्यालयापासून कधीही सुरुवात करू नये. तिथे पहिल्याच दिवशी यंत्र कानातून निघते आणि पुन्हा कपाटात जाते. ढोल-ताशांच्या मिरवणुकीजवळ तर यंत्र काढून ठेवावे आणि लांब उभे राहावे, कारण उरलेल्या केशपेशींनाही तो आवाज सोसवत नाही. घरच्यांनी एवढे करावे: आधी नावाने हाक मारावी, समोर येऊन तीन-चार फुटांवरून बोलावे, मिक्सर किंवा दूरदर्शन चालू असताना महत्त्वाचे काही सांगू नये आणि ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तितकीच राहतात.

कोणाकडे जावे, तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या ऑडिओलॉजिस्टकडे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच करू नये. वेळ घेताना फोनवर दोन प्रश्न विचारावेत: आपल्याकडे रिअल इअर मेजरमेंट होते का, आणि दुसरीकडून घेतलेले यंत्र आपण जुळवून द्याल का. काही यंत्रांचे सॉफ्टवेअर फक्त मूळ विक्रेत्याकडेच उघडते. तसे असेल तर मोजणी एका ठिकाणी आणि बदल दुसऱ्या ठिकाणी करावे लागतील आणि त्यासाठी दोन खेपा होतील. तरीही तो खर्च नव्या जोडीच्या किमतीच्या मानाने फारच थोडा आहे.

जाताना दोन्ही यंत्रे, चार्जर किंवा बॅटऱ्या, दीड वर्षापूर्वीचा ऑडिओग्राम आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी बरोबर न्यावी. बहुतेक यंत्रांत ती रोज किती तास वापरली गेली याची नोंद असते आणि तपासणारा ती पाहीलच; ती पाहून सासऱ्यांना कोणी बोल लावू नये. आणखी एक, त्यांना निघण्याआधी विचारा की कोणाचे बोलणे कळत नाही याचे सर्वांत वाईट वाटते. ज्याचे नाव घेतील त्या माणसाला बरोबर न्या. नळी कानात असताना त्या माणसाला समोर बसवून बोलायला लावता येते आणि त्याच आवाजातली कोणती अक्षरे अजून पोचत नाहीत हे संगणकाच्या पडद्यावर दिसते. मग ती पोचेपर्यंत तिथेच बसून यंत्राची जुळणी बदलता येते.